घेतलेला फोटो परत कोणाला?

‘बर्बर’ हा शब्द मराठीत आपण क्रूर, रानटी माणसासाठी वापरतो. संस्कृतात ज्यांचं बोलणं कळत नाही अशा परक्यांना बर्बर म्हणत. प्राचीन ग्रीकांच्या कानालाही परक्यांची भाषा ‘बर-बर’ अशीच ऐकू यायची आणि त्यांनीही त्यावरून तसाच शब्द केला. तो पुढे लॅटिन, अरबी, फ्रेंच असा फिरत फिरत उत्तर आफ्रिकेतल्या एका अतिशय जुन्या समाजाला जाऊन चिकटला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते लोक मात्र स्वतःला ‘अमाझिघ’ म्हणतात, अनेकवचनात ‘इमाझिघेन’. ‘स्वतंत्र माणूस’ असा त्याचा अर्थ ते अभिमानाने सांगतात. दुसऱ्याने ठेवलेलं नाव आणि ‘नावं ठेवणं’ यांत मराठीत फार अंतर नाही. इथे तर ते अजिबातच राहिलेलं नाही.

नावाचं जे झालं, तेच चित्राचंही झालं. गेली शंभर-दीडशे वर्षं या लोकांची असंख्य छायाचित्रं निघाली, चित्रपट निघाले. पण कॅमेरा बहुतेक वेळा बाहेरच्याच्या हातात होता आणि निघालेलं चित्र डोंगर उतरून दूरच्या शहरात जायचं. आपण सहज बोलून जातो, ‘फोटो घेतला’. घेतलेली वस्तू परत करायची असते, उसनं फेडायचं असतं, हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. मग फोटोचं काय? डोंगरातल्या इमाझिघेनांचं चित्रण करणाऱ्या काही माणसांची गोष्ट मला याच प्रश्नासाठी सांगावीशी वाटते.

आधी तो मुलूख. इजिप्तमधल्या सीवा मरूद्यानापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत इमाझिघेन विखुरलेले आहेत, पण त्यांची सर्वात मोठी वस्ती मोरोक्को आणि अल्जीरियात आहे. सातव्या शतकापासून उत्तर आफ्रिकेत अरबी भाषा आणि इस्लाम आला. धर्म सगळीकडे रुजला. भाषा मात्र सपाटीवर बदलत गेली आणि डोंगरात टिकून राहिली. मोरोक्कोतला उंच अ‍ॅटलास, ज्याचं तूबकाल शिखर 4,167 मीटर उंच आहे, उत्तरेकडचा रिफ, अल्जीरियातला कबिलिया आणि त्याच्या आग्नेयेकडचा औरेस, अशा डोंगररांगा या भाषेचे गड ठरले. या भाषेला, म्हणजे तमाझिघ्तला, मोरोक्कोच्या राज्यघटनेने 2011 मध्ये राजभाषेचा दर्जा दिला, अल्जीरियाने 2016 मध्ये. म्हणजे परवापरवापर्यंत ही भाषा घरात, शेतात आणि गाण्यात जगत होती. शाळेत आणि कचेरीत तिला फारशी जागा नव्हती. लिहिलेलं थोडं आणि बोललेलं फार, अशा समाजात चित्र आणि ध्वनी यांचं मोल आणखी वाढतं.

फ्रेंच राजवटीत इथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कॅमेरा आला तो पोस्टकार्डांच्या धंद्यासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच कार्डांवर ‘सीन ए तीप’ असा मथळा छापलेला असायचा, म्हणजे ‘दृश्ये आणि नमुने’. स्टुडिओत पडदा लावायचा, पैसे देऊन एखाद्या बाईला बसवायचं, अंगावर दागिने घालायचे आणि खाली छापायचं, अमुक जमातीची स्त्री. तीच बाई दुसऱ्या कार्डावर दुसऱ्या जमातीची होऊन जाई. अल्जीरियन कवी मलेक अलुला यांनी 1981 मध्ये या कार्डांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यातला बनाव उघड केला. या कार्डांत माणूस नव्हता, नमुना होता. नमुन्याला नाव लागत नाही आणि त्याला चित्र परत देण्याचाही प्रश्न येत नाही.

पुढे जास्त प्रामाणिक माणसं आली. फ्रेंच चित्रकार-छायाचित्रकार जाँ बेझांसनो 1934 ते 1939 या काळात मोरोक्कोत फिरले. पोशाख कसा गुंडाळला आहे, दागिना कुठे अडकवला आहे, डोक्यावरचं वस्त्र कसं बांधलं आहे, हे त्यांनी इतक्या बारकाईने टिपलं की आज संग्रहालयांना आणि अभ्यासकांना त्याचा मोठा आधार आहे. तरीही 1942 मध्ये निघालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावात ‘पोशाख’ या शब्दाला जोडून ‘नमुने’ हा शब्द आहेच. पोशाखाची नोंद झाली, पोशाखातली बाई मागेच राहिली.

पेन्सिल गावकऱ्यांच्या हातात

बेझांसनो मोरोक्कोत होते त्याच काळात दोन फ्रेंच तरुणी अल्जीरियातल्या औरेस डोंगरात निघाल्या होत्या. 1934 च्या अखेरीस पॅरिसच्या मानववंश संग्रहालयाने थेरेझ रिव्हिएर आणि जेर्मेन तियाँ यांना शावी लोकांच्या अभ्यासासाठी पाठवलं. शावी म्हणजे औरेसचे इमाझिघेन. तियाँ तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, रिव्हिएर तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. दोघींनी आपापलं काम वाटून घेतलं. तियाँने नातेसंबंध, भाऊबंदकी, जमिनीचे वाद, सोयरिकी यांचा माग घेतला. रिव्हिएरने हाताच्या कामांचा, म्हणजे माठ घडवणं, लोकर कातणं, घर बांधणं, पीक काढणं.

रिव्हिएरचं काम पाहताना छायाचित्र आणि चलच्चित्र यांच्यातला फरक नीट कळतो. तेव्हाच्या शावी बाईच्या खांद्यावर चांदीच्या दोन मोठ्या पिना असत. तिच्या अंगावरच्या वस्त्राला शिवण नसे. एक लांब कापड अंगाभोवती घेऊन दोन्ही खांद्यांवर या पिनांनी अडकवलेलं असे. फोटोत पिन दिसते, तिची घडण दिसते, कधी दोन्ही पिना जोडणारी साखळीही. पण कापड कुठून कुठे येतं, पिन आधी कोणत्या बाजूची लागते, काम करताना पदर कसा खोचतात, हे पाहायला हलणारं चित्र लागतं. वस्तू फोटोत राहते, कृती चित्रपटात. रिव्हिएरने स्थिरचित्रं काढली, चलच्चित्रण केलं आणि तिचा सहकारी जाक फोब्ले याच्याबरोबर 1936 मध्ये गाणीही ध्वनिमुद्रित केली.

पण मला सर्वात महत्त्वाची वाटते ती तिची एक साधी गोष्ट. तिने गावातल्या लोकांच्या हातात कागद आणि पेन्सिली दिल्या आणि त्यांनाच चित्रं काढायला सांगितली. बाहेरच्या माणसाने आपल्याला कसं पाहिलं याच्या जोडीला, आपण आपल्या जगाकडे कसं पाहतो हेही त्या संग्रहात आलं. 1930 च्या दशकात, वसाहतीच्या राज्यात, शास्त्रीय मोहिमेवर आलेल्या एका बाईने हे केलं. तिच्या हातात कॅमेरा होता, तरी नजरेचा मक्ता आपल्याकडेच आहे असं तिने मानलं नाही.

पुढे दोघींच्याही वाट्याला फार कठीण दिवस आले. तियाँ फ्रान्समधल्या नाझीविरोधी लढ्यात उतरली. 1942 मध्ये तिला अटक झाली आणि पुढच्या वर्षी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवलं. औरेसवरचा तिचा प्रबंध तिथे कायमचा गेला. तिच्या आईला तर त्याच छावणीत मारलं गेलं. औरेसचे फोटो मात्र वाचले, आणि ते पुस्तकरूपाने आले तेव्हा 2001 साल उजाडलं होतं. तियाँ नव्वदी ओलांडून गेली होती. 2015 मध्ये फ्रान्सने तिला पाँथेऑं या राष्ट्रीय स्मारकात स्थान दिलं. रिव्हिएरला असं काही लाभलं नाही. मानसिक आजारामुळे तिच्या आयुष्याची शेवटची वर्षं इस्पितळांत गेली आणि 1970 मध्ये ती वारली. तिचे फोटो समाजशास्त्रज्ञ फानी कोलोना यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केले. मूळ संग्रह पॅरिसमध्येच आहे. औरेसच्या एखाद्या आजीचं तरुणपणीचं रूप तिच्या नातवंडांना मूळ फोटोत पाहायचं असेल, तर त्यांना समुद्र ओलांडावा लागतो.

पांढऱ्या भिंतीपुढचं स्टूल

1960. अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं. बंडखोरांना गावांतून अन्न आणि आसरा मिळू नये म्हणून फ्रेंच लष्कराने डोंगरातली गावंच्या गावं उठवून छावण्यांत आणली. असे उठवलेले लोक वीस लाखांहून अधिक होते. छावणीतल्या प्रत्येकाला ओळखपत्र सक्तीचं झालं आणि ओळखपत्राला फोटो लागला. मार्क गारांजे हा पंचविशीतला फ्रेंच तरुण सक्तीच्या लष्करी सेवेत तिथे होता. युद्धाला त्याचा विरोध होता, पण त्याच्याकडे कॅमेरा होता आणि वरून हुकूम आला. अल्जियर्सच्या आग्नेयेकडच्या डोंगराळ मुलखात दहा दिवसांत त्याने सुमारे दोन हजार माणसांचे फोटो काढले, कधी एका दिवसात दोनशे. त्यात बहुसंख्य बायका होत्या, अमाझिघ आणि अरब दोन्ही.

ओळखपत्राचा फोटो आपण सगळ्यांनीच काढला आहे. मान सरळ, नजर समोर, हलायचं नाही. इथेही तेच. घराबाहेर चुन्याची पांढरी भिंत, भिंतीपुढे एक स्टूल, समोर काही अंतरावर फोटोग्राफर. फरक एवढाच की या बायकांना परक्या पुरुषापुढे, सैनिकापुढे डोक्यावरचं आणि तोंडावरचं वस्त्र काढायला लावलं होतं.

त्यातला एखादा फोटो जवळून पाहावा. मध्यमवयीन बाई. ओढणी मानेपाशी गोळा झालेली, नुकतीच ओढून काढल्यासारखी. कपाळाच्या मध्यावर आणि हनुवटीवर गोंदण. केस विस्कटलेले, कारण ते परक्याला दिसायचेच नव्हते. ओठ घट्ट मिटलेले. आणि डोळे थेट कॅमेऱ्यात. ही नजर लाजत नाही, विनवत नाही, भीतही नाही. त्या बाईला बोलायला जागा नव्हती, म्हणून तिने जे सांगायचं ते डोळ्यांनी सांगितलं. लष्कराला ओळख पटवण्यापुरता चेहरा हवा होता. मिळाली ती साक्ष.

गारांजेला ती साक्ष ओळखता आली. 1961 मध्ये रजेवर असताना तो स्वित्झर्लंडला गेला आणि तिथल्या एका साप्ताहिकात सहा फोटो छापून आणले. 1982 मध्ये ‘अल्जीरियन स्त्रिया, 1960’ हे त्याचं पुस्तक निघालं. पण मला त्याच्या आयुष्यातली खरी महत्त्वाची तारीख वाटते ती 2004 ची. चव्वेचाळीस वर्षांनी, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो ते फोटो बरोबर घेऊन अल्जीरियात परत गेला आणि त्यातल्या ज्या बायका हयात होत्या त्यांना शोधत फिरला. अनेकींकडे तरुणपणीचं स्वतःचं दुसरं एकही छायाचित्र नव्हतं. जो फोटो त्यांच्याकडून जबरदस्तीने घेतला गेला होता, तोच त्यांच्या तारुण्याची एकुलती एक खूण ठरला. जबरदस्ती त्याने पुसली गेली नाही, पुसली जाऊही नये. पण फोटो परत गेला आणि ज्यांचा होता त्यांच्या हातात पडला.

डोंगरातल्या बायकांचा आवाज

स्वातंत्र्यानंतर कॅमेरा अल्जीरियन हातांत आला. लेखिका असिया जेबार यांचा जन्म शेर्शेलचा. त्या गावाजवळ भूमध्य समुद्राच्या काठावर शेनुआ नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या उतारांवर अमाझिघची एक बोली बोलली जाते. जेबारांच्या आईकडचे लोक याच भागातले. 1970 च्या दशकात त्या कॅमेरा घेऊन शेनुआच्या बायकांकडे गेल्या आणि युद्धात तुमचं काय झालं, असं विचारलं. ‘शेनुआ डोंगरातल्या स्त्रियांची नूबा’ हा चित्रपट 1977 मध्ये तयार झाला आणि 1979 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. नूबा म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या शास्त्रीय संगीतातली एकामागून एक येणाऱ्या अंगांची मालिका. इथे प्रत्येक बाईची आठवण हेच एक अंग आहे.

या चित्रपटातली एक योजना मला विलक्षण वाटते. नायिकेचा नवरा चाकाच्या खुर्चीत आहे. तो पाहू शकतो, पण तिच्या मागे जाऊ शकत नाही. शतकभर पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी बाई असाच खेळ चालला होता. जेबारांनी तो उलटा केला. इथे बाई डोंगरभर हिंडते, विचारते, ऐकते. चित्रपट त्यांनी दोघांना अर्पण केला आहे: स्वातंत्र्ययुद्धात मारली गेलेली लढवय्यी झुलिखा आणि 1913 मध्ये अल्जीरियात लोकगीतं ऐकायला, टिपायला आलेले हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक. लढणारी बाई आणि ऐकणारा पाहुणा, या दोघांना एकत्र आठवणं हाच मला चांगल्या चित्रणाचा अर्थ वाटतो.

कुरण रिकामं का आहे?

फोटो खोटं न बोलताही कशी फसगत करतो, याचं एक उदाहरण मोरोक्कोच्या उंच अ‍ॅटलासमध्ये आहे. तिथे ‘अगदाल’ नावाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. गावाच्या सामाईक कुरणावर ठरावीक काळ चराईबंदी असते. ऊकाइमदेनच्या पठारावर ही बंदी परंपरेने 15 मार्चपासून 10 ऑगस्टपर्यंत. गवताला फुलून बी धरायला वेळ मिळावा, म्हणून हे केलेलं. बंदी उठण्याचा दिवस येतो तसे कळप कुरणाच्या कडेला येऊन थांबतात आणि मग सगळे एकदम वर चढतात. जुलैमध्ये तिथे जाऊन फोटो काढला तर दिसेल हिरवं, निर्मनुष्य, कोणाचंच नसलेलं रान. प्रत्यक्षात ते रान कोणाचं, कधी, किती, हे सारं ठरलेलं असतं. वसाहतीच्या कारभाऱ्यांनी अशी कितीतरी रानं ‘मोकळी’ म्हणून ताब्यात घेतली. रिकाम्या कुरणाचा अर्थ कळायला तिथे ऋतू काढावा लागतो.

ताला हदीद यांनी तेच केलं. ही छायाचित्रकार आणि चित्रपटकार लंडनमध्ये जन्मली. आई मोरोक्कन, वडील इराकी, प्रसिद्ध वास्तुविशारद झाहा हदीद त्यांची आत्या. उंच अ‍ॅटलासमधल्या एका गावात त्या पुनःपुन्हा जाऊन राहिल्या आणि 2017 च्या बर्लिन महोत्सवात त्यांचा ‘तिगमी न इग्रेन’, म्हणजे ‘शेतातलं घर’, हा माहितीपट दाखवला गेला. कॅमेरा त्यांनी स्वतः चालवला. मध्यभागी दोन बहिणी आहेत. थोरली शाळा सोडते, तिचं लग्न ठरलं आहे. धाकटीला शिकायचं आहे, वकील व्हायचं आहे. ऋतू बदलतात, शेतातली कामं बदलतात, लग्नाचा दिवस जवळ येत जातो. निवेदक मध्ये येऊन काही समजावत नाही. बहिणी एकमेकींशी जे बोलतात ते परक्या ताफ्यासमोर कोणी बोलणार नाही. चेहऱ्यावर प्रकाश कसा पडू द्यायचा हे हदीद यांना छायाचित्रकलेने शिकवलं असेल. किती थांबायचं हे त्या गावाने.

चित्रपट ठरवणारी गावसभा

नादिर बुहमूश हा मोरोक्कन चित्रपटकार आणि छायाचित्रकार आणखी एक पाऊल पुढे गेला. मोरोक्कोच्या आग्नेय भागात, उंच अ‍ॅटलासच्या दक्षिण अंगाला इमिदर नावाचा गावांचा समूह आहे. शेजारी चांदीची मोठी खाण आहे. खाणीच्या पाणीउपशामुळे आपलं पाणी आटतं आहे, बदामाची झाडं वाळत आहेत, असं गावकऱ्यांचं म्हणणं होतं. कंपनीने ते नाकारलं. ऑगस्ट 2011 मध्ये गावकरी अलेब्बान टेकडीवर चढले, खाणीला पाणी नेणाऱ्या नळाची झडप त्यांनी बंद केली आणि तिथेच मुक्काम ठोकला. तो मुक्काम आठ वर्षं टिकला.

इमाझिघेनांमध्ये ‘अग्राव’ नावाची गोलात बसून निर्णय घेणारी गावसभा असते. आंदोलन ती चालवत होती. बुहमूशने चित्रपटही त्याच सभेपुढे ठेवला. काय दाखवायचं, काय नाही, कोणी बोलायचं, हे गावाशी बोलून ठरलं आणि निर्मितीतही गावाचं नाव लागलं. पारंपरिक गाण्यांनी त्याला आकार दिला. 2019 मध्ये तो ‘अमुस्सू’ या नावाने आला. अमुस्सू म्हणजे हालचाल, चळवळ. इथे चित्र परत देण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण ते कोणी घेऊन गेलंच नव्हतं.

पण पूर्वी घेऊन गेलेल्या चित्रांचा प्रश्न उरतोच. 8 सप्टेंबर 2023 च्या रात्री उंच अ‍ॅटलासमध्ये 6.8 तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे तीन हजार माणसं गेली. दगडमातीची, पायऱ्यापायऱ्यांनी उतारावर रचलेली गावं कोसळली. तिनमेलची बाराव्या शतकातली मशीदही ढासळली. घरं पुन्हा उभी करायची तर तुळई कुठे टेकवायची, धान्याची कोठी कशी होती, ओसरी कोणत्या बाजूला होती, हे म्हाताऱ्यांच्या आठवणीत असतं, आणि त्या रात्री कित्येक म्हातारेही गेले. अशा वेळी कोणीतरी, कधीतरी, त्या दारात उभं राहून काढलेला जुना फोटो फार मोठा आधार होऊ शकतो. पण तो परदेशातल्या कपाटात असेल तर नाही.

संग्रहालयांनी ही चित्रं आता मूळ गावांना उघडी करून द्यावीत, तिथल्या शाळांत, सभागृहांत पोचवावीत, असं मला मनापासून वाटतं. त्यात उपकार नाही. गारांजेला तेवढं कळायला चव्वेचाळीस वर्षं लागली, तरी तो गेला. ज्याच्या दारात उभं राहून चित्र घेतलं, त्याच्या दारात ते पोचतं करायचं. घेतलं ते देणं लागतं.